लाभाची पेंढी

फाल्गुन लागला की केडगावातून कडब्याच्या ट्रॉल्या जायला लागतात. ट्रॉली अशी लादलेली असते की मागून बघणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतच नाही. वाटतं, शेतातली गंजच कंटाळून पुण्याला निघालीय. तिच्या मागे हॉर्न वाजवत माझी स्कूटी. पुढे जायला वाट मिळत नाही आणि खरं सांगायचं तर मला ती नकोच असते. त्या वासामागून आणखी थोडं जावं, बालवाडीला थोडा उशीर झाला तर होऊ दे, असं वाटत राहतं. वाळल्या ताटांचा तो वास गोडसरही असतो आणि घशाला खवखवणाराही. एखादं पातं उडून केसांत अडकतं. तशीच वर्गात गेले की कुणीतरी पोरगं ते काढून हातात देतं, म्हणतं, "मॅडम, गवत."

गवत! जन्म ज्वारीच्या मुलखात आणि कडब्याला गवत. मी त्यांना कडबा म्हणजे काय ते सांगायला लागते, त्यांना ते रंगीत मणी मोजण्याइतकं गमतीचं वाटत नाही. मग आम्ही मणी मोजतो. मी एक, दोन, तीन म्हणते, ती वन, टू, थ्री म्हणतात, आणि आमचं छान चालतं. पण त्या दिवशी माझं लक्ष मण्यांत नसतं. ते गेलेलं असतं शेवगावकडच्या आमच्या गावी, तात्यांच्या खळ्यावर, गेल्या वर्षीच्या फाल्गुनात. त्या वर्षी आमच्याकडे कडबा माणसांत मोजला होता.

तात्या म्हणजे माझे वडील. शेती आता माझा भाऊ आणि वहिनी बघतात, तात्या देखरेख करतात. देखरेख करतात म्हणजे बांधावर उभं राहून दुसऱ्याच्या कामातल्या खोड्या काढतात. सगळ्या वर्षात एकच काम ते कुणाला करू देत नाहीत, ते म्हणजे कडब्याची गंज रचणं आणि रचता रचता मोजणं. खालून एकानं पेंढी फेकायची, तात्यांनी वर ती झेलायची, गुडघ्यानं दाबून बसवायची आणि मोजायची. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. आमच्या भागात कडबा पाचुंद्यावरच मोजतात, पेंढीवर कुणी मोजत बसत नाही. तात्यांची मोजणी कधी चुकत नाही, कारण चुकली तर ते सगळी गंज खाली काढायला लावतात. एकदा माझ्या भावानं मध्येच त्यांना पाणी हवंय का असं विचारलं. मोजणी तुटली आणि निम्मी गंज पुन्हा खाली आली. तेव्हापासून मोजणी चालू असताना आमच्या खळ्यावर कुत्रंसुद्धा दबकून चालतं.

आणि या मोजणीची सुरुवात 'एक'पासून होत नाही, ती 'लाभ'पासून होते. धान्य मापतानाही बरेच लोक पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात आणि पुढे दोन, तीन असं जातात. आमच्या घरात मात्र याच्याही पुढची एक रीत आहे. पहिली पेंढी लाभाची, आणि ती मोजणीतच धरायची नाही. तात्या ती झेलतात, "लाभ" म्हणतात आणि गंजीच्या दुसऱ्या बाजूला गव्हाणीकडे टाकून देतात. गाय तिला तोंड लावते. मग खरी मोजणी सुरू. ही रीत कुणी घातली ते तात्यांनाही ठाऊक नाही. भावकीतले लोक हसतात. म्हणतात, यांच्या घरी पहिला घास हिशेबाबाहेर. तात्या म्हणतात, हसू द्या.

तर अशा या घरात माझ्या लेकीनं, गौरीनं, रूथला आणलं. दोघी शेतकी कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहायच्या. रूथ व्हानुआतूची. प्रशांत महासागरात बेटांचा एक देश आहे, तिथल्या एका लहानशा बेटावरची. शिष्यवृत्तीवर शिकायला इतक्या लांब आलेली. नाव ऐकून वहिनीला हायसं वाटलं, कारण नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत रूथ हे नाव काही नवं नाही. वहिनीच्या माहेरी शेजारीच एक रूथ होती. तात्यांनी दुसऱ्याच दिवशी तिची 'रुता' करून टाकली. ती उंच, खांद्यानं रुंद, हसली की ओसरीवरच्या चिमण्या उडायच्या. सुट्टीत हुरडा खायला म्हणून आली आणि काढणी सुरू झाली तेव्हा परत जायचं नाव काढीना. दर आठवड्याला शनिवारी-रविवारी आमच्याकडे. गौरी कधी यायची, कधी नाही, रूथ मात्र यायचीच. मग मीही जायला लागले. सुट्टीत माहेरी जायला निमित्त लागतं का, असं कुणी विचारलं तर सांगते, लागत नाही, पण असलं की बरं वाटतं.

त्या दुपारी आठवतात. ज्वारी उपटून वावरात आडवी पडलेली, कणसं मोडून झालेली, अंगाला कूस लागून खाज सुटलेली, आणि आम्ही सगळे लिंबाच्या सावलीत पाय पसरून. वहिनीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. ठेच्यानं रूथच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती आणखी मागायची. तिनं एकदा विचारलं, ताटात किती भाकरी झाल्या? वहिनीनं तिच्या हातावर हलकेच चापट मारली. जेवणाऱ्याच्या भाकरी मोजू नयेत. रूथला हे फारच पटलं. म्हणाली, आमच्याकडे अंगणात खेळणारी पोरं मोजत नाहीत. कुणी मोजायला लागलं तर म्हातारी माणसं मुद्दाम मध्ये येऊन घोळ घालतात. वहिनीनं लगेच तिच्या ताटात आणखी एक न मोजलेली भाकरी टाकली.

मला शिकवायची खोड आहे, त्यामुळे मी तिला मराठी आकडे शिकवायला घेतले. दहापर्यंत झकास. विसापर्यंत धडपडत. एकोणतीस आला आणि ती थांबली. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली की एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. मग म्हणाली, म्हणजे जो पाहुणा अजून आलेलाच नाही, त्याच्या नावानं तुम्ही आधी आलेल्याला हाक मारता? इतकी वर्षं मी पोरांना शिकवतेय, हे कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गौरी खदाखदा हसली. मी तिला विचारलं, एकोणसत्तर म्हणजे किती ते सांग. तिचं हसू जागीच विरलं. आकाशाकडे बघत ती पुटपुटायला लागली, आणि रूथच्या आधी तिलाच शिकवायला हवं होतं हे मला कळलं.

रूथच्या भाषेतले आकडे तिच्या अंगावरच होते. तिची भाषा अगदी लहान. एखाद्या मोठ्या लग्नाला जमतील एवढीच माणसं ती बोलतात. तेया, रुआ, तोलु, वाति, लिमा. लिमा म्हणजे पाच आणि लिमा म्हणजेच हात. एक हात संपला की दुसरा धरायचा: ला-तेया, ला-रुआ, म्हणजे पलीकडचा एक, पलीकडचे दोन. दोन हात झाले की लुआ-लिमा, इथे रुआचं लुआ होतं. मग पायांवर उतरायचं. दोन हात आणि एक पाय, त्याच्या पुढे दुसऱ्या पायाची बोटं. आणि वीस झाले की हातही संपले, पायही संपले, तर वीस म्हणजे 'एक माणूस'. चाळीस म्हणजे दोन माणसं. तात्या हे ऐकताना चपला काढून बसले होते. बोटं धरून धरून ते पायाच्या करंगळीपर्यंत पोचले आणि म्हणाले, "म्हंजे चार पाचुंदं. चार पाचुंद्याचा एक मानूस. बराबर हाय की." एवढं बोलून त्यांनी रूथकडे असं पाहिलं की जणू दूरची सोयरीक निघाली.

मग त्यांनीही आपल्या पोतडीतून एक काढलं. विटीदांडू खेळताना लहानपणी ते मोजायचे, वकट, लेंड, मूंड, नाल. हे आकडे कुठले? मराठीतले तर नाहीत. तेलंगणाकडून आले म्हणतात. कोण घेऊन आलं, कधी आलं, कुणालाच ठाऊक नाही. विटी गेली, दांडू गेला, शब्द तात्यांच्या तोंडात राहिले. रूथला याचा एवढा आनंद झाला की ती उठून वकट लेंड म्हणत लिंबाभोवती फिरली.

असं सगळं हसतखेळत चाललं असताना वहिनीला एक गोष्ट दिसत होती, जी आम्हा शिकल्यासवरल्यांना दिसत नव्हती. रूथ एकटी असली की पुटपुटायची. भांडी घासताना, कणसं मोडताना, विहिरीच्या मोटारीवर पाय धुताना. वहिनीला वाटलं, पोरगी जप करतेय. शेजारच्या चार घरांत सांगूनही आली की फॉरेनची आहे, पण देवाधर्माची आहे. शेवटी तिनंच सरळ विचारलं, कुठल्या देवाचा जप गं? रूथ आधी हसली, आणि मग हसता हसता तिचा चेहरा पडला.

तिच्या भावाचं लग्न ठरलं होतं. ती परत गेल्यावर, कोनफळं निघाल्यावर व्हायचं. त्यांच्याकडे कोनफळाचा कंद हेच मुख्य अन्न आणि तोच मान. नवऱ्या मुलाकडून मुलीकडच्यांना कोनफळांची रास द्यायची, आणि ती सगळ्या गावासमोर, एकेक उचलून, मोठ्यानं मोजून द्यायची. जुन्या शब्दांत, न थांबता. मोजायचा मान घरातल्या लेकीचा. आजवर रूथची आत्या मोजत आली, पण आता तिचा दम पुरत नव्हता. तिनं फोनवर सांगितलं होतं, या वेळी तू मोज. आणि रूथ तर लहानपणापासून दुसऱ्या बेटावरच्या शाळेत राहिलेली. एरवी त्यांच्याकडेही बाजारात, शाळेत इंग्रजीसारखेच आकडे चालतात. दहापर्यंत तिला पाठ होतं, पायांवर उतरलं की ती अडखळायची. दोन हात आणि दोन बोटं, एवढ्यापुढे जीभ लुळी पडायची. मध्येच थांबली तर काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, तर मग गावातला दुकानदार लाऊडस्पीकरवर शाळेच्या आकड्यांत मोजील. तो तयारच आहे. आणि एकदा तसं झालं की पुढच्या लग्नात जुनं कुणी मागणारच नाही. ते शब्द दुसरीकडे कुठेच म्हणत नाहीत. तिच्या आत्यानंतर ते तिच्यापाशीच राहणार होते, आणि तिच्यापाशी तर ते तेराव्या बोटाला अडकले होते.

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यांनाच परीक्षेची काळजी लागली. मी माझ्या पद्धतीनं उपाय केले. मणी आणले, पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, तिला समोर बसवून म्हणवून घेतलं. बालवाडीत चालतं ते इथे चालेना. रूथ शहाण्या मुलीसारखी मांडी घालून बसायची, दोन हात पार करायची आणि तेराव्याला डोळे मिटायची. डोळे मिटले की संपलं. तात्या ओसरीवरून बघायचे. एकदा गौरीनं त्यांनाच डिवचलं. म्हणाली, तुमचे पाचुंदे तरी म्हणून दाखवा बरं, बसल्या जागी, शंभरापर्यंत. तात्या ताठ बसले, घसा साफ केला, "लाभ" म्हणाले, आणि आठ-दहा पाचुंद्यांतच कुठे आलो ते त्यांना कळेना. जन्मात पहिल्यांदा त्यांची मोजणी कुणी न टोकता तुटली, तीही हातात पेंढी नसताना. त्यांनी स्वतःच कपाळावर हात मारून घेतला आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. रूथही हसली. त्या हसण्यानं तिच्यावरचं ओझं थोडं हललं असावं, असं मला आता वाटतं.

गंज रचायला घेतली तो रविवार होता. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं, कडबा दवानं किंचित दमट, म्हणजे पाती झडत नाहीत. तात्या वर ओट्यावर, माझा भाऊ खाली. पहिली पेंढी लाभाची, ती गव्हाणीत गेली. रूथ बघत होती. तिनं विचारलं, ही का टाकली? तात्या वरूनच म्हणाले, ती आपली न्हाई. कुणाची? तर गाईची, पाखरांची, कुणाची बी. रूथनं मान हलवली. थोड्या वेळानं भावाला मोटार बघायला जावं लागलं आणि रूथ पुढे झाली. बंधात हात घालून पेंढी धरायची, मांडीचा रेटा द्यायचा आणि वर सोडायची, हे तिला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, आमच्याकडे कोनफळं अशीच फेकतात, होडीतून काठावर.

फेक, झेल, दाब. फेक, झेल, दाब. मी आणि वहिनी पेंढ्या पुढे सारत होतो. कधी सुरू झालं ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आधी ती श्वासाबरोबर हं हं करत होती, मग त्या हुंकारांचे शब्द झाले. तेया. रुआ. तोलु. पेंढी हातातून सुटताना शब्दही सुटत होता. लिमा झालं, ला-तेया झालं, लुआ-लिमा झालं. मी वहिनीचा दंड घट्ट धरला. अकरा, बारा. तेरावी पेंढी तिच्या हातून सुटली आणि तिच्याबरोबर शब्दही सुटला, मला न कळणारा, लांबलचक, आणि त्याच्या मागे पुढचा आणि त्याच्याही मागे पुढचा. ती डोळे मिटत नव्हती, वर तात्यांच्या हातांकडे बघत होती.

आणि तात्या? मी वर पाहिलं. त्यांचे ओठ हलत नव्हते. खालून रूथचा आवाज चढत होता, आणि एका गंजीवर दोन मोजण्या चालल्या तर एक तुटणार हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. ते आपली सोडून तिची चालू ठेवत होते. पेंढी आली की झेलायची, दाबायची, हात पुढे करायचा, ना उशीर ना घाई. जो माणूस पाणी विचारलं म्हणून निम्मी गंज खाली काढतो, तो त्या दिवशी नुसता झेलत होता. मला रडू यायला लागलं, पण रडायला वेळ नव्हता, पेंढ्या पुढे सारायच्या होत्या. वीस झाल्यावर रूथ ओरडली, एक माणूस! वहिनीनं मातीत एक दगड ठेवला. आम्ही दगड ठेवत गेलो, ती माणसं मोजत गेली, आणि गंज आभाळाला लागली.

संध्याकाळी भाऊ परत आला. त्यानं विचारलं, कडबा किती भरला? तात्या म्हणाले, रुताला विचार. रूथनं तात्यांच्या सुरुवातीच्या पेंढ्याही धरून सांगितलं, अमुक माणसं आणि एक हात. भाऊ जागच्या जागी उभा राहिला. कडबा विचारला तर ही माणसं सांगते. वहिनीनं पदर तोंडाला लावला. शेवटी मीच चार पाचुंद्यांनी गुणून त्याला उत्तर दिलं, तर रूथनं हरकत घेतली की एक पेंढी कमी सांगताय, गव्हाणीतली धरली नाही. तात्या म्हणाले, ती धरायची न्हाई. ती म्हणाली, पण ती होती. बराच वेळ दोघं त्या एका पेंढीवरून हुज्जत घालत बसले, आणि गाईनं तर ती सकाळीच खाऊन टाकली होती.

त्यानंतर गंज रचून झाली तरी सराव थांबला नाही. तात्यांनी रचलेली गंज मोडून दुसऱ्या जागी रचायला काढली. कारण काय, तर म्हणे खाली उंदीर लागलेत. उंदीर कुणीच पाहिला नव्हता. आणखी एक गंमत म्हणजे आमच्या खळ्यावर मोबाईलला रेंज फक्त गंजीच्या माथ्यावर यायची. त्यामुळे रूथ आत्याला फोन लावायची तो वर चढून. एकदा तात्याही शेजारी होते. पडद्यावर पांढऱ्या कुरळ्या केसांची एक बाई, मागे नारळ. तिनं तात्यांना बघितलं, तात्यांनी तिला रामराम केला. दोघांना एकमेकांचं अवाक्षर कळत नव्हतं. तात्यांनी पाच बोटं दाखवून "पाचुंदा" म्हटलं. तिनं पाच बोटं दाखवून "लिमा" म्हटलं. एवढ्यावर दोघं मान डोलावत पुष्कळ वेळ बसली.

ज्येष्ठात रूथ गेली. वहिनीनं तिला ठेच्याची बरणी दिली, तात्यांनी पेंढीला बांधतात तसा कडब्याचा एक बंध वळून दिला, कशाला ते त्यांनाच माहीत. आषाढात एके दिवशी गौरीच्या मोबाईलवर व्हिडिओ आला. आम्ही सगळे गावी जमून तो पाहिला. मोठं पटांगण, भोवती सगळं गाव, मध्ये कोनफळांची रास. काही कोनफळं तर माणसाच्या मांडीएवढी. रूथ पुढे आली, केसांत जास्वंद खोचलेली. तिनं पहिलं कोनफळ उचललं आणि मोजणी सुरू झाली. तेराव्याला वहिनीनं माझा दंड धरला. तेरावं गेलं. पुढे एक माणूस, दोन माणसं, आवाज खणखणीत, कुठेही अडखळ नाही. मुलीकडचे लोक तालावर डोलायला लागले. मोजून झालं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, आमच्या ओसरीवर बसून. मग व्हिडिओत मुलीचा मामा उठला. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यानं आपल्या पद्धतीनं रास मोजून घेतली आणि हात वर केला. काहीतरी बोलला. लोक उठून उभे राहिले, गलका झाला, मोबाईल धरणाऱ्याचा हात हलला आणि तिथेच व्हिडिओ संपला.

काय झालं असेल, कुणालाच कळेना. तात्यांनी व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितला. आणि मग आम्हा सगळ्यांना ते दिसलं, जे पहिल्यांदा बघताना आमच्या इतकं सवयीचं होतं की दिसलंच नव्हतं. रूथनं पहिलं कोनफळ उचललं, ओठ हलवले आणि ते राशीच्या दुसऱ्या बाजूला टाकलं. 'तेया' तिनं म्हटलं ते दुसऱ्याला. म्हणजे राशीत एक कोनफळ जास्त. मोजणी चुकली, सगळ्या गावासमोर, आणि चुकली ती आमच्यामुळे.

तात्या उठून गोठ्यात जाऊन बसले. संध्याकाळी जेवायला आले नाहीत. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "आपल्या खोडीनं पोरीचा घात झाला. तिला सांगाया पायजे हुतं, ही रीत हितलीच हाय म्हनून." गौरीचे निरोप जात होते, उत्तर येत नव्हतं. त्यांच्या बेटावर रेंजची गत आमच्या खळ्यासारखीच.

मग रूथच्या आवाजातला लांब निरोप आला, अर्धा इंग्रजी, अर्धा वहिनीच्या मराठीत. मामानं विचारलं होतं, जास्तीचं कोनफळ कुठलं? तोवर तिला स्वतःलाही कळलं नव्हतं. हातानं परस्पर केलेलं. तिनं ते बाजूचं दाखवलं आणि खरं काय ते सांगितलं, की समुद्र नसलेल्या एका गावात एक म्हातारा आहे, तो पहिलं कधी मोजत नाही, त्याच्याकडे मी हे शब्द परत मिळवले. मग तिची आत्या काठी टेकत उठली आणि म्हणाली, "मोजून दिलं ते लग्नाचं. न मोजलेलं आहे ते घराचं." मामा हसला. ते कोनफळ त्यानं कुणाला उचलू दिलं नाही, स्वतःच्या खांद्यावर टाकून घरी नेलं, आणि शिजवलं नाही. बियाण्याला ठेवलं.

भाद्रपदात त्याच्या फोडी करून लावल्या. वेलाचे फोटो येत राहिले. लाऊडस्पीकरवाल्या दुकानदाराची मुलगी आता रूथकडे मोजणी शिकायला येते, कोनफळं फेकत. हे सगळं आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. तात्या प्रत्येक फोटो मोबाईल डोळ्यांजवळ धरून बघायचे आणि वेल बरा धरलाय म्हणायचे.

परवाच्या रविवारी मी गावी गेले होते. यंदाची गंज चालली होती. भाऊ फेकत होता, तात्या झेलत होते, मोजणी ऐन रंगात आली होती आणि तात्यांच्या खिशात मोबाईल वाजला. आम्ही सगळे दचकलो. मोजणी चालू असताना! भावाच्या हातात पेंढी तशीच राहिली. तात्यांनी मोबाईल काढून बघितला आणि कानाला लावला. रूथचा फोन, तिकडे कोनफळाचा वेल खणला होता. रूथ काय सांगत होती ते खाली ऐकू येत नव्हतं, तात्यांचं तेवढं येत होतं. त्यांनी विचारलं, "किती निघालं गं?" आणि मग त्यांनी मोबाईल आमच्याकडे वळवून उंच धरला, आम्हालाही ऐकू यावं म्हणून. समुद्राचा वारा आणि रूथचा आवाज एकदमच आले.

"मोजलं न्हाई, तात्या. लाभाचं हाय त्ये."

मोबाईल खिशात गेला. मग भावानं भीतभीत विचारलं, कितवा पाचुंदा चालला होता? कुणालाच आठवेना. तात्यांनाही नाही. गंज निम्म्यावर आली होती. भाऊ हातातली पेंढी खाली ठेवून शिडी आणायला निघाला, सगळं खाली काढायचं म्हणून.

"ऱ्हाऊ दे रं," तात्या वरून म्हणाले. "टाक पेंढी."